वही हेडटीचरच्या हातात नको: इंग्लंडमधल्या शाळेत गव्हर्निंग बॉडीच्या क्लार्कचे काम, पायरीपायरीने

इंग्लंडमधल्या सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत हेडटीचरला जाब विचारण्याचा अधिकार गव्हर्निंग बॉडीकडे, म्हणजे शाळेच्या मंडळाकडे असतो. पालक, शिक्षक आणि परिसरातली माणसे गव्हर्नर म्हणून विनावेतन बसतात, अंदाजपत्रक मंजूर करतात, निकालांवर प्रश्न विचारतात. या मंडळाच्या सभांची नोंद ठेवणारा क्लार्क कोण असावा याबद्दल कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) शाळांसाठीचे २०१३ चे नियम स्पष्ट आहेत. क्लार्क हा गव्हर्नर असता कामा नये, असोसिएट मेंबर (समितीच्या कामासाठी घेतलेला, गव्हर्नर नसलेला सदस्य) असता कामा नये आणि हेडटीचर तर मुळीच नको. ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच हातात जाबाची वही द्यायची नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ही रचना नवी वाटते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, पण सदस्य-सचिव मुख्याध्यापकच असतात. विषयपत्रिका त्यांची, इतिवृत्तही त्यांचेच. मुख्याध्यापक चांगले असतील तर काही अडत नाही. नसतील तर पालकाने विचारलेला अवघड प्रश्न इतिवृत्तात उतरतच नाही आणि पुढच्या वर्षी तो विचारला गेला होता याला पुरावाही राहत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी भारतात बँकेत, शाळेच्या कार्यालयात, वकिलाकडे किंवा कंपनीच्या सेक्रेटरियल विभागात काम केलेले असते. मुले लहान असताना पूर्णवेळ नोकरी जमत नाही. क्लार्कचे काम अर्धवेळ आहे, बरेचसे घरून होते, सुट्ट्यांमध्ये थांबते आणि त्याला पगार आहे. तरीही आपल्यातले फार थोडे लोक त्याकडे वळतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. यातले नियम फक्त इंग्लंडचे आहेत. वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे, आणि स्कॉटलंडमध्ये तर गव्हर्निंग बॉडीऐवजी पॅरेंट कौन्सिल असते.

आधी थोडा इतिहास, कारण त्यावरच आजचे नियम उभे आहेत

१९७० च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी एकाच मंडळाखाली अनेक शाळा असत आणि खरी सूत्रे स्थानिक शिक्षण प्रशासनाकडे असत. १९७७ मध्ये टेलर समितीने पालक, शिक्षक आणि समाज यांना मंडळात बरोबरीचे स्थान द्या असे सुचवले. १९८० च्या कायद्याने पालकांना जागा दिली, १९८६ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाचे मंडळातले वर्चस्व मोडले. मग १९८८ च्या एज्युकेशन रिफॉर्म ॲक्टने पैसाच शाळांच्या हाती दिला. माझ्या मते क्लार्कच्या कामाला वजन आले ते इथून. जो पैसा आधी कौन्सिलचे अधिकारी खर्च करत, त्याचे निर्णय आता संध्याकाळच्या सभेत सामान्य माणसे घेऊ लागली. निर्णय कोणी, कधी, कशाच्या आधारावर घेतला, हे लिहून ठेवणे त्यामुळे अटळ झाले.

२०१० च्या अकॅडमीज ॲक्टनंतर शाळा मोठ्या प्रमाणावर कौन्सिलपासून वेगळ्या होऊन अकॅडमी ट्रस्टमध्ये, म्हणजे थेट केंद्र सरकारच्या निधीवर शाळा चालवणाऱ्या संस्थांमध्ये गेल्या. माध्यमिक शाळांपैकी बहुतेक आज अकॅडमी आहेत. उरलेल्या कौन्सिलच्या शाळांसाठी २०१२ चे रचनेचे नियम आणि २०१३ चे कामकाजाचे नियम आले, आणि सप्टेंबर २०१५ पर्यंत सगळ्या मंडळांना नव्या नियमांप्रमाणे आपली घडण बदलावी लागली. २०१७ मध्ये शिक्षण खात्याने क्लार्कसाठी स्वतंत्र क्षमता-आराखडा काढला. मार्च २०२४ मध्ये जुने गव्हर्नन्स हँडबुक मागे घेऊन दोन मार्गदर्शिका दिल्या, एक कौन्सिलच्या शाळांसाठी, दुसरी अकॅडमी ट्रस्टसाठी. याच काळात जाहिरातींमध्ये ‘गव्हर्नन्स प्रोफेशनल’ हे पदनाम रुळले. जाहिरात शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

पायरी १: शाळा कोणत्या प्रकारची ते ओळखा

हे न पाहता कामाला लागलात तर सल्ला चुकीच्या नियमांवरून द्याल.

शाळा कौन्सिलची असेल तर वर सांगितलेले २०१२ आणि २०१३ चे नियम लागू. शाळा अकॅडमी असेल तर ते नियम लागू नाहीत. तिथे ट्रस्टचे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन (संस्थेची नियमावली) आणि दरवर्षी नव्याने येणारे अकॅडमी ट्रस्ट हँडबुक चालते. एका ट्रस्टमध्ये अनेक शाळा असतील तर कायदेशीर जबाबदारी ट्रस्टींच्या बोर्डाकडे असते. तुमच्या शाळेत जी ‘लोकल गव्हर्निंग बॉडी’ दिसते ती त्या बोर्डाची समिती असते आणि बोर्डाने स्कीम ऑफ डेलिगेशनमध्ये दिले तेवढेच अधिकार तिला असतात. एखाद्या ट्रस्टमध्ये ती अंदाजपत्रकावर बोलू शकते, दुसऱ्यात फक्त मुलांच्या प्रगतीवर. म्हणून ट्रस्टच्या शाळेत रुजू होताना पहिला कागद मागायचा तो ही स्कीम.

चर्चच्या शाळेत फाउंडेशन गव्हर्नर असतात, त्यांची नेमणूक डायोसिस (चर्चचा प्रांत) किंवा तत्सम संस्था करते. त्या नेमणुकीत तुमचे काम पत्रव्यवहाराचे.

पायरी २: नोकरी शोधताना काय विचारायचे

जागा कौन्सिलच्या, ट्रस्टच्या आणि शाळांच्या संकेतस्थळांवर निघतात. बऱ्याच कौन्सिलांची क्लार्क पुरवणारी सेवा असते. नवख्याने तिथून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते, कारण अडल्यावर फोन उचलणारे कोणीतरी असते आणि प्रशिक्षणही मिळते. थेट शाळेने नेमलेला क्लार्क बहुतेक वेळा एकटा असतो.

मुलाखतीत एक प्रश्न न लाजता विचारा: एका सभेमागे किती तासांचा पगार देता? दोन तासांच्या सभेमागे अजेंडा तयार करणे, कागद गोळा करून पाठवणे, मिनिट्स (इतिवृत्त) लिहिणे, दुरुस्त्या आणि पुढची पत्रे असा बराच वेळ जातो. काही ठिकाणी सभेचे तास मोजतात आणि बाकीचे गृहीत धरतात. दुसरा प्रश्न, समित्यांच्या सभा आणि मुलांच्या निष्कासनाच्या (शाळेतून काढण्याच्या) सुनावण्या याच पगारात की वेगळ्या? तिसरा, प्रशिक्षणाचा खर्च कोण देणार? आपल्या माणसांना पैशाचे बोलणे मुलाखतीत जड जाते. इथे ते अपेक्षितच असते.

इंग्रजीची काळजी करणारे पुष्कळ भेटतात. मिनिट्सचे इंग्रजी साधे, लहान वाक्यांचे आणि भूतकाळातले असते. त्यात सौंदर्य लागत नाही, अचूकपणा लागतो. ऐकण्याची सवय मात्र लागते. यॉर्कशरच्या किंवा लिव्हरपूलच्या बोलीत भराभर चाललेली चर्चा सुरुवातीला निसटते. शक्य असेल तर रुजू होण्याआधी एका सभेला नुसते निरीक्षक म्हणून बसू द्या अशी विनंती करा.

पायरी ३: पहिल्या दोन आठवड्यांत तपासायच्या नोंदी

आधीच्या क्लार्ककडून काय मिळेल ते सांगता येत नाही. कुठे नीट लावलेली फाइल मिळते, कुठे फक्त एक पासवर्ड. म्हणून स्वतः पडताळा.

सर्वांत आधी इन्स्ट्रुमेंट ऑफ गव्हर्नमेंट काढा. मंडळात कोणत्या गटाचे किती गव्हर्नर हे त्यात लिहिलेले असते. कौन्सिलच्या शाळेत किमान सात सदस्य लागतात: निदान दोन पालक गव्हर्नर, हेडटीचर, एक कर्मचारी गव्हर्नर, एक स्थानिक प्रशासनाचा, आणि शाळेच्या प्रकाराप्रमाणे फाउंडेशन व को-ऑप्टेड (मंडळाने स्वतः निवडलेले). त्या यादीसमोर आजची माणसे आणि त्यांच्या मुदतीची अखेर लिहा. मुदत सहसा चार वर्षांची. ती संपल्यावरही माणूस सभेला येत राहतो, मत देतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, असे घडते. ज्याची मुदत संपली तो गव्हर्नर नाही आणि त्याचे मत धरता येत नाही. पालक गव्हर्नरची मुदत संपायच्या निदान एक सत्र आधी निवडणुकीची तयारी सुरू करा.

मग प्रत्येक गव्हर्नरची एन्हान्स्ड डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी पडताळणी) झाली आहे का पाहा. नेमणुकीपासून २१ दिवसांत तिचा अर्ज जायला हवा. हितसंबंधांची नोंदवही चालू वर्षाची आहे का पाहा. कोणाचा भाऊ शाळेला रंगकाम करून देतो, कोणाची पत्नी त्याच शाळेत शिकवते, हे तिथे असायला हवे. शाळेच्या संकेतस्थळावर गव्हर्नरांची नावे, गट, मुदत, हितसंबंध आणि मागच्या शैक्षणिक वर्षातली उपस्थिती दिसली पाहिजे, गेल्या बारा महिन्यांत पद सोडलेल्यांचीही. शिक्षण खात्याच्या ‘गेट इन्फर्मेशन अबाउट स्कूल्स’ या नोंदणीत बदल लगेच भरायचे असतात. या दोन ठिकाणची माहिती जुळत नाही असे फार वेळा आढळते.

पायरी ४: वर्षाचा आराखडा

कौन्सिलच्या शाळेत शैक्षणिक वर्षात किमान तीन सभा घ्याव्याच लागतात. बहुतेक मंडळे जास्त घेतात. जुलैमध्येच पुढच्या वर्षाच्या तारखा ठरवून टाका आणि कोणता विषय कधी यायचा ते मांडा.

शरद सत्रात चेअर आणि व्हाइस चेअर यांची निवड येते, तेव्हा त्या पदांची मुदत किती ते आधी ठरवून मगच मतदान घ्यायचे. अध्यक्षपदाच्या निवडीपुरती सभा क्लार्कने चालवावी ही सर्रास पद्धत आहे. शाळेत नोकरी करणारा गव्हर्नर चेअर होऊ शकत नाही. हितसंबंधांची घोषणा, आचारसंहिता, मुलांच्या सुरक्षिततेबद्दलच्या ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती आणि हेडटीचरचे मूल्यमापन हे याच सत्रातले विषय. मूल्यमापनासाठी बाहेरचा सल्लागार घेणे कौन्सिलच्या शाळांना बंधनकारक आहे. अधिकार कोणत्या समितीला किंवा व्यक्तीला सोपवले, याचा फेरविचारही वर्षातून एकदा करावा लागतो.

वसंत सत्रात कौन्सिलच्या शाळांचे स्कूल्स फायनान्शियल व्हॅल्यू स्टँडर्ड (आर्थिक कारभाराची शाळेने स्वतः केलेली तपासणी) मंजूर होऊन मार्चअखेर कौन्सिलकडे जायला हवे. त्यानंतर नव्या आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रक. अकॅडमीचे आर्थिक वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट असते, त्यामुळे तिथले वेळापत्रक निराळे.

पायरी ५: अजेंडा आणि सात स्वच्छ दिवस

सभेची सूचना, अजेंडा आणि सोबतचे अहवाल निदान सात स्वच्छ दिवस आधी गेले पाहिजेत. पाठवण्याचा दिवस मोजायचा नाही, सभेचा दिवसही नाही. सभा २० तारखेला असेल तर कागद १२ तारखेपर्यंत गेले पाहिजेत. खरोखर तातडी असेल तर चेअर ही मुदत कमी करू शकतात. पण चेअरला पदावरून काढणे किंवा गव्हर्नरला निलंबित करणे अशा विषयांसाठी ती कमी करता येत नाही. आणि कोणत्याही तीन गव्हर्नरांनी लेखी मागणी केली तर सभा बोलवावीच लागते. चेअरना ती नको असली तरीही.

अजेंडा चेअर आणि हेडटीचर यांच्याशी बोलून ठरवा, पण मसुदा तुम्हीच आधी लिहून न्या. कोरा कागद घेऊन गेलात तर अजेंडा हेडटीचरच्या सोयीने भरतो. प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहा: तो माहितीसाठी आहे, चर्चेसाठी की निर्णयासाठी, कोण मांडणार, किती मिनिटे. निर्णयाचे विषय आधी घ्या. रात्री साडेआठला, सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे असताना, अंदाजपत्रकाला नुसती मान डोलावली जाते.

हेडटीचरचा अहवाल उशिरा येणे ही या कामातली सर्वांत जुनी अडचण. कागद कधी हवेत हे सत्राच्या सुरुवातीलाच तारखेसह लेखी कळवा आणि त्या तारखेच्या दोन दिवस आधी आठवण द्या. तरीही तो सभेत टेबलावरच वाटला गेला, तर मिनिट्समध्ये तसे लिहा: अहवाल सभेत देण्यात आला. हे आरोपासारखे लिहू नका, नुसते तथ्य म्हणून लिहा. दोनदा तसे लिहिले गेले की तिसऱ्या वेळी अहवाल वेळेवर येतो.

पायरी ६: सभा चालू असताना

दारातून माणसे येताना मोजायला लागा. कोरम म्हणजे सध्या पदावर असलेल्या गव्हर्नरांपैकी निम्मे, रिकाम्या जागा सोडून, आणि अपूर्णांक वरच्या अंकात. बारा जागा आहेत, अकरा भरल्या आहेत, तर सहा लागतात. असोसिएट मेंबर यात धरायचे नाहीत, मंडळाच्या सभेत त्यांना मतही नसते. कोणी लवकर निघून गेले तर वेळ लिहा आणि पुन्हा मोजा. कोरम तुटला की मोठ्याने सांगा. कोणी लवकर निघणार असेल तर निर्णयाचे विषय त्याआधी घ्या असे चेअरना सुचवा. अकॅडमीत कोरम आर्टिकल्समध्ये दिलेला असतो, तो तिथूनच घ्या.

गैरहजेरीच्या नोंदीत एक बारकावा आहे ज्याने पद जाऊ शकते. गव्हर्नरने ‘येऊ शकत नाही’ असा निरोप पाठवणे वेगळे आणि मंडळाने त्या गैरहजेरीला संमती देणे वेगळे. संमतीशिवाय सलग सहा महिने सभांना न आलेला गव्हर्नर अपात्र ठरतो. म्हणून ‘निरोप मिळाला’ एवढे लिहून थांबू नका. संमती दिली की नाही दिली, ते लिहा. नोकरी, आजारी आईवडील, लहान मुले यांच्या ओढाताणीत जो पालक गव्हर्नर कसाबसा टिकून असतो, त्याच्यावर या एका ओळीचा परिणाम होतो.

हितसंबंध असलेल्या गव्हर्नरने त्या विषयापुरते बाहेर जायचे असते. तो स्वतः उठला नाही तर आठवण तुम्ही द्यायची. नियम सांगतात की मंडळाने आपल्या कार्याबद्दल क्लार्कचा सल्ला विचारात घेतलाच पाहिजे. म्हणजे बोलणे हा तुमच्या नेमणुकीचाच भाग आहे. इथे आपल्या संस्कारांशी थोडे भांडावे लागते. ‘हेडसर’ बोलत असताना मध्ये बोलू नये असे आपण लहानपणापासून शिकलेले असतो. पण “चेअर, हा निर्णय समितीला सोपवलेला नाही, तो पूर्ण मंडळालाच घ्यावा लागेल” हे वाक्य त्या क्षणीच बोलायला हवे. मतदानानंतर बोलून उपयोग नसतो. शैक्षणिक किंवा धोरणात्मक मत मात्र देऊ नका. कोणती वाचनपद्धती चांगली याबद्दल क्लार्कचे मत कोणी विचारलेले नसते, मतदानाचा हक्क तर नाहीच.

ईमेलवरून ‘सगळ्यांना मान्य ना?’ असे विचारून कौन्सिलच्या शाळेत निर्णय घेता येत नाही. कोरम असलेल्या सभेत मत व्हावे लागते. फोनवरून किंवा व्हिडिओवरून हजर राहण्याची सोय मंडळ ठरावाने करू शकते. उशीर झाल्यास शाळेचे, मुलाचे, पालकाचे किंवा कर्मचाऱ्याचे गंभीर नुकसान होणार असेल तेव्हाच चेअर एकट्याने निर्णय घेऊ शकतात, आणि तो पुढच्या सभेत सांगावा लागतो.

पायरी ७: मिनिट्स

हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त ज्यांनी लिहिले आहे त्यांना अर्धे काम येते: ठराव, सूचक, अनुमोदक, बहुमत. उरलेले अर्धे काम प्रश्नांची नोंद ठेवण्याचे आहे. गव्हर्नर आपले काम करतात की नुसते बसतात, हे बाहेरच्याला याच नोंदीवरून कळते. शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेचे निरीक्षक येतात तेव्हा हेच कागद पाहतात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून शाळांच्या तपासणीचे नवे रिपोर्ट कार्ड आले तरी शाळेच्या नेतृत्वाकडे आणि गव्हर्नरांच्या देखरेखीकडे पाहणे थांबलेले नाही.

हा एक मी रचलेला नमुना, मराठीत. “उपस्थितीच्या अहवालावर सविस्तर चर्चा झाली. गव्हर्नरांनी समाधान व्यक्त केले.” यातून काही कळत नाही. तोच प्रसंग असा लिहावा: “गव्हर्नरांचा प्रश्न: इयर फोरची उपस्थिती इतर वर्गांपेक्षा कमी का? हेडटीचरनी सांगितले की काही कुटुंबे सत्र चालू असताना प्रवासाला गेली होती. गव्हर्नरांचा प्रश्न: ती मुले वगळली तर फरक उरतो का? हेडटीचरकडे तो आकडा नव्हता. कृती: हा आकडा पुढच्या सभेच्या कागदांसोबत देणे. जबाबदारी हेडटीचरची.” ‘हेडटीचरकडे तो आकडा नव्हता’ हे वाक्य गाळायचा मोह होतो, सौजन्य म्हणून. गाळू नका. कृती कुठून निघाली ते त्याच वाक्यात आहे.

प्रश्न विचारणाऱ्याचे नाव सहसा लिहीत नाहीत, कारण निर्णय मंडळाचा असतो. कोणी आपला विरोध नावानिशी नोंदवा म्हणाले तर नोंदवा. मुलांची नावे कधीच नाहीत. नाव नसले तरी तपशिलावरून मूल ओळखू येते, हेही ध्यानात ठेवा. लहान शाळेत ‘युक्रेनहून आलेला विद्यार्थी’ म्हटले की सगळ्यांना कोण ते कळते. अशी चर्चा, तसेच विशिष्ट कर्मचाऱ्याबद्दलची चर्चा, वेगळ्या गोपनीय मिनिट्समध्ये ठेवा. बाकीचा अजेंडा, सही झालेली मिनिट्स आणि अहवाल कोणीही पाहायला मागू शकते. शाळांना फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट २००० लागू आहे. तुमच्या हातातल्या कच्च्या टिपाही मागणीच्या कक्षेत येऊ शकतात, म्हणून त्यात शेरे मारू नका, आणि मिनिट्स मंजूर झाल्यावर त्या मंडळाच्या धोरणाप्रमाणे नष्ट करा.

सभा रेकॉर्ड करून संगणकाकडून मिनिट्स लिहून घेण्याची साधने आता सहज मिळतात. मंडळाने ठराव करून परवानगी दिल्याशिवाय ती वापरू नका, आणि मुलांबद्दलची चर्चा चालू असताना तर बंदच ठेवा. तो आवाज कोणत्या सर्व्हरवर जातो याचे उत्तर तुमच्याकडे हवे. शिवाय कोण किती बोलले ते यंत्र सांगते. मंडळाने नेमके काय ठरवले ते ओळखायचे काम तुमचेच राहते. चर्चेच्या शेवटी “म्हणजे ठरले ते असे, बरोबर?” असे तिथल्या तिथे विचारून घ्या. सगळ्यांसमोर मिळालेले उत्तर पुढे वादात फार उपयोगी पडते.

पायरी ८: निष्कासनाची सुनावणी

या कामातला हा सर्वांत जबाबदारीचा भाग. हेडटीचरने मुलाला कायमचे काढले, किंवा एका सत्रात एकूण १५ पेक्षा जास्त शालेय दिवस निलंबित केले, तर गव्हर्नरांनी सूचना मिळाल्यापासून १५ शालेय दिवसांत बसून मुलाला परत घ्यायचे का याचा विचार करावाच लागतो. हे काम साधारणपणे तीन गव्हर्नरांच्या समितीकडे असते. त्या मुलाला किंवा प्रकरणाला ओळखणारा गव्हर्नर तिथे नको. म्हणून उपलब्ध आणि प्रशिक्षित गव्हर्नरांची यादी आधीच तयार ठेवा, सूचना आल्यावर शोधायला वेळ उरत नाही.

कागद सर्वांना एकाच वेळी, एकसारखे गेले पाहिजेत. पालकांना मिळालेले पान समितीला मिळाले नाही किंवा उलट झाले तर सुनावणीच डळमळते. पालकांना पत्र लिहिताना सोपी भाषा वापरा, सोबत कोणाला आणता येईल ते लिहा, दुभाषी हवा का ते विचारा. ज्या घरात इंग्रजी चालत नाही तिथे हा प्रश्न न विचारला गेल्याने आईबाप सुनावणीत मूक बसतात. आपल्यापैकी ज्यांनी परक्या भाषेत शाळेची पत्रे वाचली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

निर्णयाआधी हेडटीचर, पालक, कौन्सिलचा प्रतिनिधी, सगळे बाहेर जातात. म्हणजे हेडटीचर ‘जरा दोन मिनिटे’ म्हणून मागे थांबू शकत नाहीत, आणि दार लावायची आठवण तुम्हीच द्यायची. क्लार्कला आत राहता येते, ते नोंदी वाचून दाखवायला आणि निर्णयाच्या पत्राच्या शब्दांत मदत करायला. निर्णयात भाग घेता येत नाही. पत्रात कारणे इतकी स्पष्ट हवीत की वाचणाऱ्याला निर्णय पटला नाही तरी समजला पाहिजे. मुलाला कायमचे काढण्याचा निर्णय तसाच ठेवला असेल तर स्वतंत्र फेरतपासणी समितीकडे जाण्याचा पालकांचा हक्क आणि त्याची मुदत त्या पत्रात लिहायची असते.

मिनिट्स बदला म्हणून कोणी सांगितले तर

मसुदा आधी चेअरना आणि तथ्ये तपासायला हेडटीचरना पाठवण्याची पद्धत आहे. ती ठीक आहे. तिथूनच कधी ईमेल येतो: “हा प्रश्न काढून टाकता येईल का? जरा कठोर वाटतो.” अशा वेळी दोन गोष्टी वेगळ्या करा. आकडा चुकला, नाव चुकले, मुलाची ओळख उघड होते, हे असेल तर लगेच सुधारा आणि आभार माना. प्रश्न विचारला गेला होता पण तो नकोसा आहे, असे असेल तर शांतपणे कळवा की मिनिट्स मंडळाची असतात, मंजुरी मंडळ देते आणि ही दुरुस्ती पुढच्या सभेत मांडता येईल. हे फोनवर बोलणे झाले तरी नंतर दोन ओळींचा ईमेल लिहा. बहुतेक हेडटीचर इथेच थांबतात, आणि चांगले हेडटीचर तर मुळात असे मागतच नाहीत. कठीण प्रश्न नोंदले गेल्याने उद्या त्यांचेही रक्षण होते हे त्यांना ठाऊक असते.

दबाव चालूच राहिला आणि चेअरही त्यात असतील, तर व्हाइस चेअरशी बोला, कौन्सिलच्या गव्हर्नर सेवेला किंवा ट्रस्टच्या मुख्य गव्हर्नन्स अधिकाऱ्याला कळवा. क्लार्कला नेमणे आणि काढणे मंडळाच्या हातात असते, हेडटीचरच्या नव्हे. पुढच्या सभेत दुरुस्ती मांडली गेली आणि मंडळाने मान्य केली, तर ती मान्य करा. मूळ मसुद्यावर गुपचूप फिरवाफिरव न करता त्या सभेच्या मिनिट्समध्ये लिहा की मागील सभेच्या अमुक परिच्छेदात असा बदल मंजूर झाला. मग दुरुस्त प्रतीवर चेअरची सही आणि तारीख घ्या, पाने क्रमाने असल्याची खात्री करा आणि ती प्रत शाळेत ठेवा, तुमच्या घरच्या लॅपटॉपवर नको.